द्युनालचं शेवाळ

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरची मिठागरं उन्हात आटत आली की पाणी लालसर होतं. ही लाली एका सूक्ष्म शेवाळाची आहे, असं माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल-फेलिक्स द्युनाल यांनी १८३८ मध्ये सांगितलं. वांगी-बटाट्याच्या कुळावर मोठं काम केलेला हा माणूस. त्यांनी नाव दिलं ‘हिमॅटोकॉकस सलिनस’. ग्रीक ‘हाइमा’ म्हणजे रक्त, ‘कोकोस’ म्हणजे दाणा. आणि ‘सलिनस’ आला लॅटिन ‘साल’वरून, म्हणजे मिठावरून. (आपला ‘मीठ’ मात्र प्राकृत ‘मिट्ठ’चा, म्हणजे गोडाचा वारस. हिंदीने त्यातली गोडी राखली, मराठीने तो शब्द थेट खारटाला दिला.)

द्युनालचा रक्ताचा दाणा फार टिकला नाही. हिमॅटोकॉकसच्या पेशीला भिंत असते. या शेवाळाला ती नाहीच, नुसतं पातळ पटल आणि पोहायला दोन कशाभिका. म्हणून रोमानियाचे एमानोइल तेओदोरेस्कू यांनी १९०५ मध्ये नवी प्रजाती मांडली आणि तिला द्युनालचं नाव दिलं: ड्युनालिएला सलिना. पहिलं नाव बदललं, मीठ राहिलं. मला हे फार योग्य वाटतं, कारण रंग या जिवाची खात्रीची खूण नाही. क्षार आणि ऊन वाढलं की पेशीत बीटा-कॅरोटीन साठून ती लाल होते. पाणी सौम्य झालं की तीच पेशी हिरवी. भिंत नसल्याने आकारही फुगतो, आक्रसतो.

म्हणून जाती ओळखायला अभ्यासक जनुकांकडे वळले. १८एस जनुकाचा तुकडा ड्युनालिएला टर्शिओलेक्टात सुमारे १,७७० बेसचा, सलिनात मध्ये एक इंट्रॉन, म्हणजे नंतर कापला जाणारा जादा भाग, आल्याने सुमारे २,१७० चा, आणि दोन इंट्रॉन असलेल्या ‘ड्युनालिएला बार्डाविल’मध्ये सुमारे २,५७० चा भरला. पुढे सलिनाच्याच वेगवेगळ्या वाणांत इंट्रॉनची संख्या कमी-जास्त निघाली, आणि ‘बार्डाविल’ ही वेगळी जात मानावी का, हा वाद उभा राहिला.

त्या नावाचा प्रवास तर विलक्षण. सिनाईच्या उत्तर किनाऱ्यावर बार्डाविल नावाचं खारं सरोवर आहे. जेरुसलेमचा क्रूसेडर राजा पहिला बाल्डविन १११८ मध्ये त्याच भागात, अल-अरीशला वारला. अरबी उच्चारात बाल्डविनचा ‘बार्डाविल’ झाला. आता अनेक जण ‘सलिना’पुढे ‘प्रकार बार्डाविल’ असं लिहितात. जात म्हणून ते नाव गेलं तरी प्रकार म्हणून राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. शेवाळ कुठल्या पाण्यातलं, हे तेवढ्या एका शब्दात कळतं.