खुलासा

आमच्या कचेरीत दर महिन्याला पासवर्ड बदलायचा हुकूम होता. मी नातीचं नाव ठेवलं आणि पुढे १, २, ३ करत नात सतरापर्यंत नेली. अण्णांनी त्याहून सोपं केलं. चिठ्ठी लिहून पडद्यालाच चिकटवली! एके दिवशी त्यांच्या नावावर कुणीतरी भलतंच बिल मंजूर केलं. निवृत्तीला तीन महिने उरलेले अण्णा खुलासे लिहून वाकले. साहेब म्हणाले, "गाफीलपणा, दुसरं काय!"

आता गाफीलपणाचंच म्हणाल, तर तो पासवर्डाच्या जन्मापासूनचा. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये कोर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी सोय केली. ज्याची फाइल त्याच्यापाशी राहावी म्हणून पासवर्ड आला. १९६२ मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याला वाट्याचा वेळ पुरेना. पठ्ठ्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! १९६६ मध्ये तर ती यादी चुकून, संगणक वापरायला बसणाऱ्या प्रत्येकासमोर आपसूक उमटली. तिथे कुठली आली चिठ्ठी?

पासवर्ड वरचेवर बदलण्याचा सल्ला २००३ साली बिल बर यांनी अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेसाठी लिहिला. ठिकठिकाणच्या साहेबांनी तो शिरसावंद्य मानला. २०१७ साली, निवृत्तीनंतर, बर यांनीच चूक कबूल केली. माणसं वैतागतात आणि सोपाच शब्द निवडतात! त्याच वर्षी संस्थेनेही सांगितलं, लांब पासवर्ड चालू द्या, विनाकारण बदलायला लावू नका.

अण्णांकडून तीन खुलासे घेतले. हुकूम काढणाऱ्याकडे एकही कुणी मागितला नाही. बर यांनी निदान न मागता दिला!