अरेनीचं पायताण
आर्मेनियातलं अरेनी गाव वाइनसाठी ओळखलं जातं. गावाजवळच्या गुहेत सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची द्राक्षं तुडवायची जागा आणि रस आंबवायचा रांजण सापडला, तेव्हा ते रास्तच. माझ्या डोक्यातून मात्र २००८ साली तिथेच मिळालेलं पायताण जात नाही. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं, गाईच्या एकाच कातड्याचं, वादीने आवळलेलं, फक्त उजव्या पायाचं. माप आजच्या ३७च्या आसपास. बाईचं की पुरुषाचं, ठरत नाही. टिकलं कशामुळे? गुहेतल्या कोरड्या, गार हवेमुळे आणि वर साचलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाड थरामुळे! आत गवत कोंबलेलं होतं. ऊब मिळावी म्हणून, की आकार बिघडू नये म्हणून? आकारासाठी असेल, तर कुणीतरी ते घालायला परत येणार होतं.