हाफ-ट्रॅक : युद्धवाहन आणि प्रतिकृती

पुढे सुकाणूची दोन चाके आणि मागे चाकांऐवजी दोन्ही बाजूंना फिरते पट्टे असलेले मोटारवाहन. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) सैनिकांची ने-आण, तोफा ओढणे, विमानविरोधी बंदुका फिरत्या ठेवणे, जखमींना मागे आणणे अशा कामांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. मराठीत त्याला अर्धपट्टा वाहन म्हणता येईल. बोलीत मात्र पट्ट्याला ‘चेन’ म्हणतात. विहीर किंवा शेततळे खोदायला येणारे पोकलेन ‘चेनचे’ असते. त्या हिशेबाने हे वाहन अर्धे चेनचे, अर्धे चाकांचे. रणांगणावरून ते हटले. लघुप्रतिकृती करणाऱ्यांच्या टेबलावर मात्र त्याचे स्थान टिकून आहे.

तत्त्व. जमिनीवर पडणारा दाब म्हणजे वाहनाचे वजन भागिले त्याचे जमिनीला टेकलेले क्षेत्र. चाक थोड्याच जागेवर टेकते, पट्टा लांबच लांब टेकतो. म्हणून तेवढेच वजन पट्ट्यावर हलके पडते. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन हे समजायला पुरेशी आहे. वाफसा होण्याआधी ट्रॅक्टर रानात घातला की मागची चाके रुततात, आणि चालक जितका जोर लावतो तितकी ती जागच्या जागी फिरून खोल जातात. भातखाचरात ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, तीही टेकण्याची जागा वाढावी म्हणूनच.

मग पूर्ण पट्ट्यांचे वाहन का नको? कारण ते वळवायला एका बाजूचा पट्टा मंदावावा किंवा थांबवावा लागतो. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते, वेगळा शिकवलेला चालक लागतो आणि खर्च वाढतो. हाफ-ट्रॅकमध्ये ट्रकचे बॉनेट, ट्रकचे इंजिन आणि ट्रकचे स्टिअरिंग जसेच्या तसे राहते. बदलतो तो मागचा भाग. ट्रक चालवणारा माणूस थोड्या सरावाने ते चालवू शकतो. ट्रकपेक्षा रानात चांगले आणि रणगाड्यापेक्षा स्वस्त अशी ही तडजोड होती. या वाहनाचे यश आणि अपयश दोन्ही तिच्यातूनच आले.

पूर्वेतिहास. अमेरिकेतील मेन राज्यातल्या ॲल्विन लोम्बार्ड याने १९०१ मध्ये बर्फातून लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी वाफेवर चालणाऱ्या पट्ट्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या पुढच्या टोकाला घसरपट्ट्या आणि मागे पट्टे होते. लष्करी हाफ-ट्रॅकची वाट मात्र फ्रेंच अभियंता अदोल्फ केग्रेस याच्यापासून सुरू होते. तो रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या मोटारखान्यात कामाला होता. हिवाळ्यात बर्फात अडणाऱ्या मोटारींसाठी त्याने मागच्या चाकांच्या जागी लवचीक पट्टा बसवला. रशियन क्रांतीनंतर तो फ्रान्सला परतला आणि सित्रोएन कंपनीने त्याची रचना उचलली. डिसेंबर १९२२ ते जानेवारी १९२३ या काळात सित्रोएनच्या हाफ-ट्रॅकनी सहारा वाळवंट ओलांडून तिंबक्तू गाठले.

या वाहनांचा भारताशी एक ठळक संबंध लढाईतून नव्हे, प्रवासातून आला. सित्रोएनच्या १९३१–३२ च्या आशिया मोहिमेतील एक तुकडी बैरूतहून निघून श्रीनगरला पोहोचली आणि तिथून हिमालयाच्या वाटेने दोन हाफ-ट्रॅक गिलगिटपर्यंत गेले. दरडींनी तुटलेल्या आणि खेचरांसाठी केलेल्या त्या वाटेवर काही ठिकाणी गाड्यांचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवरून न्यावे लागले. साधारण त्याच सुमारास अमेरिकी सैन्याने केग्रेस पद्धतीचे वाहन विकत घेऊन तपासले. पुढच्या अमेरिकी हाफ-ट्रॅकचे बीज तिथे आहे.

जर्मन रचना. जर्मन सैन्याचे प्रमुख चिलखती हाफ-ट्रॅक म्हणजे २५१ क्रमांकाचे वाहन. मुख्य उत्पादक हानोव्हरची हानोमाग कंपनी असल्याने त्याला सर्रास ‘हानोमाग’ म्हटले जाते. १९३९ पासून युद्ध संपेपर्यंत ती सुमारे १५ हजार बनली. चालक आणि सोबती हे दोघे धरून १२ जण त्यात बसत. मायबाख कंपनीचे सुमारे १०० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन त्यात बसवलेले होते. पुढची चाके फक्त वळणासाठी होती. त्यांना इंजिनाची ताकद मिळत नसे. स्टिअरिंग थोडे फिरवले तर केवळ चाके वळत. जास्त फिरवले की आतल्या बाजूच्या पट्ट्याला आपोआप ब्रेक लागे आणि वाहन घट्ट वळण घेई.

पट्टा पोलादी कड्यांचा होता. कड्यांच्या सांध्यांत तेलात चालणारे बारीक बेअरिंग आणि बाहेरून रबरी गाद्या असत. आधाराची चाके एकमेकांत गुंतवून, एकाआड एक बसवलेली होती. त्यामुळे वजन सारखे विभागले जाई आणि चाल मऊ राही. पण रशियातल्या हिवाळ्यात या चाकांमधला चिखल रात्रीतून गोठून दगड होई आणि आतले एक चाक बदलायला बाहेरची दोन-तीन काढावी लागत. उत्तम यंत्र, पण बनवायला महाग आणि सांभाळायला नाजूक, असे त्याचे वर्णन करता येते. याच कुळातला आठ टन ओढणारा बिनचिलखती हाफ-ट्रॅक ८८ मिलिमीटर तोफ ओढत असे. पुढे मोटारसायकलचे चाक आणि हँडल, मागे छोटे पट्टे असलेले एनएसयू कंपनीचे ‘केटेनक्राड’ हे या घराण्यातले सर्वांत धाकटे.

अमेरिकी रचना. अमेरिकेने एम-२ आणि एम-३ ही वाहने १९४१ पासून वापरात आणली. व्हाइट, ऑटोकार आणि डायमंड-टी या कंपन्यांनी ती बनवली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने त्याच धर्तीवर एम-५ आणि एम-९ बनवली. सर्व प्रकार मिळून संख्या ४० हजारांच्या पुढे गेली. एम-३ सुमारे ९ टनांचे होते. त्यात १३ जण बसत आणि रस्त्यावर ते ताशी सुमारे ७२ किलोमीटर वेग घेई.

इथे विचार उलटा होता. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद दिलेली होती आणि पट्टा म्हणजे पोलादी दोर आत ओतलेली रबराची एकसंध माळ. पट्ट्याला ब्रेक लावून वळण्याची सोय नव्हती. सगळी भिस्त चाकांवर. पुष्कळ वाहनांच्या नाकावर एक रूळ असे, तो चर ओलांडताना पुढचा भाग जमिनीत खुपसू देत नसे. जर्मन वाहन अभियंत्याच्या समाधानासाठी केलेले वाटते, तर अमेरिकी वाहन कारखान्याच्या सोयीसाठी. दोघांचा एक दोष समान होता : माथा उघडा आणि चिलखत पातळ. रायफलची गोळी अडे, पण वरून फुटणारा तोफगोळा आत येई. जखमी सैनिकाला अमेरिकेत ‘पर्पल हार्ट’ पदक मिळते; सैनिकांनी या वाहनाला त्याच पदकाची पेटी म्हणून कडवट नाव दिले होते. एम-१६ या प्रकारावर एकत्र फिरणाऱ्या चार जड मशीनगन बसवलेल्या होत्या. विमानांविरुद्ध केलेली ही जुळणी जमिनीवरच्या लढाईतही वापरली गेली.

महाराष्ट्राचा संदर्भ. अमेरिकेच्या उधार-भाडेपट्टा कराराखाली एम-५ आणि एम-९ ही वाहने ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या सैन्यांना मिळाली. इटलीतल्या ज्या ब्रिटिश आठव्या सैन्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी लढल्या, त्यात ही वाहने होती. पण या पलटणींतील यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, वरचे टायबर खोरे) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो पायी केलेल्या लढाईत. डोंगर, नद्या आणि बांध आले की शेवटचे अंतर सैनिकाला पायीच तोडावे लागे.

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या भारतीय पोलीस कारवाईत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सैन्याची मुख्य धार सोलापूर–हैदराबाद रस्त्याने गेली, तर मराठवाड्यात औरंगाबाद, जालना आणि उस्मानाबादकडे वेगळे स्तंभ उतरले. दिवस भाद्रपदाचे होते. अशा दिवसांत काळ्या रानातून वजनदार वाहन नेण्यापेक्षा पक्का रस्ता आणि शाबूत पूल हाती असणे महत्त्वाचे. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचा नळदुर्गचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात घेण्याचे मोल त्यातून कळते.

युद्धकाळातील चिलखती वाहने प्रत्यक्ष पाहण्यासाठी मराठवाड्यातील माणसाला सोयीचे ठिकाण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आहे. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी रणगाडे, गोळ्यांच्या खुणा अंगावर असलेली जर्मन चिलखती मोटार आणि ८८ मिलिमीटर जर्मन तोफ आहे. ही तोफ पाहिली की तिच्या पुढे आठ टनी हाफ-ट्रॅक का लागे, हे निराळे सांगावे लागत नाही. भारतीय सैन्याच्या मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे (स्थापना १९७९) केंद्रही याच शहरात आहे. पायदळाने रणगाड्यांच्या वेगाने, चिलखताआड बसून चालावे, ही हाफ-ट्रॅकने रुजवलेली कल्पना तिथे पूर्ण पट्ट्यांच्या बीएमपी वाहनांतून शिकवली जाते.

ऱ्हास. युद्धानंतर तडजोडीचे कारणच संपले. सर्व चाकांना ताकद देणारे सहाचाकी ट्रक रानात पुष्कळ सुधारले आणि पूर्ण पट्ट्यांची बंद वाहने स्वस्त व सोपी झाली. १९६० नंतरचे अमेरिकी एम-११३ हे त्याचे ठळक उदाहरण. चेकोस्लोव्हाकियाने जर्मन २५१ सुधारून, पुढे माथा झाकून, ओटी-८१० बनवले. इस्रायलने एम-३ कुळातील वाहने १९७३ च्या युद्धातही वापरली. त्यानंतर हा प्रकार मागे पडला.

प्रतिकृती : प्रमाण. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत मात्र हेच चालत नाही. चिलखती वाहनांसाठी एकास पस्तीस (१/३५), एकास अठ्ठेचाळीस (१/४८) आणि एकास बहात्तर (१/७२) ही प्रमाणे रूढ आहेत. सुमारे ६.२ मीटर लांबीचे एम-३ पहिल्या प्रमाणात साधारण १७.७ सेंटिमीटर, तर शेवटच्यात ८.६ सेंटिमीटर होते. १६५ सेंटिमीटर उंचीचा सैनिक १/३५ मध्ये ४.७ सेंटिमीटर भरतो. १/३५ हा आकडा कोणत्या गणितातून आलेला नाही. जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० च्या दशकारंभी विजेच्या मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत बॅटरी मावतील असा आकार धरला. नंतर मोजले तर प्रमाण पस्तिसाच्या आसपास निघाले आणि तेच पुढे रूढ झाले. याच तामियाने १/३५ मध्ये हानोमाग २५१, एम-३ आणि एम-१६ यांचे किट काढले.

जोडणी. हाफ-ट्रॅकमध्ये प्रतिकृतीकाराला दोन कामे एकाच किटमध्ये मिळतात : पुढे ट्रक, मागे रणगाडा. माथा उघडा असल्याने आतली बाके, रायफलींची खोबणी, चालकाची पेडले सगळे दिसते. म्हणून आतला भाग आधी रंगवून मग बाजूच्या पत्र्यांची जोडणी करावी लागते. जर्मन वाहनाची गुंतलेली चाकेही बसवण्यापूर्वीच रंगवतात, नंतर कुंचला आत पोहोचत नाही. एम-३ चा मूळ पट्टा रबरी माळेचा असल्याने किटमधला मऊ एकसंध पट्टा शोभतो. २५१ चा पट्टा कड्याकड्यांचा असल्याने तो सुट्या कड्यांनी केल्यास वरची बाजू चाकांवर खरोखरच्या वजनाने टेकल्यासारखी दिसते. एम-३ आणि एम-५ ओळखण्याची खूण बाहेरून सोपी आहे : एम-३ चे पुढचे मडगार्ड गोलाईचे आणि मागचे कोपरे काटकोनी, एम-५ चे मडगार्ड सपाट आणि मागचे कोपरे वळवलेले. एकावर दुसऱ्याचा भाग चिकटवणे ही नवशिक्याची नेहमीची चूक.

किटमध्ये नसलेल्या वस्तू घरच्या सामानातून होतात. किटची उरलेली प्लॅस्टिकची दांडी मेणबत्तीवर तापवून ताणली की अँटेनाची तार मिळते. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावरच्या पातळ पत्र्यातून पट्ट्या आणि बकले, तांब्याच्या तारेतून हुक, सिरिंजच्या सुईतून बंदुकीची नळी.

रंग आणि चिखल. अमेरिकी वाहने मळकट हिरव्या रंगाची, त्यांवर पांढरा तारा. जर्मन वाहने फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद राखाडी, त्यानंतर पिवळसर आणि वर हिरव्या-तांबूस ठिपक्यांची. रंग देताना हवामान सांभाळावे लागते. परभणीच्या वैशाखात एअरब्रशचा रंग पृष्ठभागावर पडण्याआधीच हवेत वाळून खरखरीत होतो, तर पावसाळी दमट दिवशी लॅकरवर पांढुरकी झाक येते. सकाळची वेळ आणि कोरडे दिवस निवडावेत.

शेवटचे काम चिखलाचे. हाफ-ट्रॅकवर तो सगळीकडे सारखा नसतो : पुढच्या चाकांचा मडगार्डच्या आत उडतो, पट्ट्याचा आधारचाकांमध्ये दाबून बसतो. त्यासाठी माती कापडातून गाळून डिंकात कालवतात. परभणीची काळी माती ओली असताना काळीभोर आणि वाळली की राखाडी होते. एकाच वाहनावर खाली ओला आणि वर वाळलेला थर दाखवायला ती चांगली. मात्र देखावा रशियाचा किंवा इटलीचा असेल तर तीत तपकिरी रंग मिसळावा लागतो. मातीचा रंग बदलतो, तिचे चिकटणे तेच राहते.