उपायावरून निदान

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया सुरळीत पार पडते. काही दिवसांनी ताप चढतो. प्रतिजैविके सुरू होतात, जखम स्वच्छ असते, पू कुठेच सापडत नाही, आणि तरीही ताप हटत नाही. तापाच्या मानाने रुग्ण फारशी आजारी दिसत नाही, हे आणखी एक कोडे. ओटीपोटातील नीलांत गुठळी धरून तिला जंतुसंसर्ग झाला असेल, ही शंका इथे यायला हवी. ती पुष्कळदा उशिरा येते. या शंकेचा इतिहास आम्हाला वैद्यकाइतकाच तर्कशास्त्राचाही वाटतो.

आरंभी हा आजार प्रामुख्याने बाळंतिणींचा मानला जाई. 1902 साली जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी सूतिकाज्वरात गुठळ्या धरलेल्या नीलाच बांधून टाकण्याचा उपाय मांडला. दूषित गुठळीचे तुकडे फुप्फुसाकडे जाऊ नयेत म्हणून वाटच बंद करायची! 1909 मध्ये अमेरिकेत जे. व्हिट्रिज विल्यम्स यांनीही या शस्त्रक्रियेवर लिहिले. पोट उघडल्याशिवाय खात्री नसे, आणि उघडणे हाच मोठा धोका. बीजांडकोशाच्या नीलेतील गुठळीचे स्वतंत्र वर्णन 1956 मध्ये ऑस्टिन यांनी केले. ती बहुधा उजव्या बाजूची असते; त्यामुळे आंत्रपुच्छाचा दाह समजून पोट उघडले जाणे ओघानेच आले.

रक्त गोठू न देणारे हेपारिन 1916 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधील जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या कामातून पुढे आले होते. रुग्णांसाठी ते 1930च्या दशकात वापरात आले. पुढे त्यातूनच एक चमत्कारिक कसोटी निघाली. प्रतिजैविकांना दाद न देणारा ताप हेपारिनने दोन-तीन दिवसांत उतरला, तर गुठळी होती असे समजावे. उपचार हाच पुरावा! ताप एरवीही उतरलाच असता, हा साधा आक्षेप या तर्काला बराच काळ शिवला नाही. अर्थात, दुसरे साधन हाती नसलेल्या डॉक्टरांना आम्ही फार दोष देणार नाही.

सीटी स्कॅनमुळे गुठळी डोळ्यांना दिसू लागली. 1999 साली डॅलसमध्ये अवघ्या 14 बाळंतिणींवर झालेल्या तुलनेत, प्रतिजैविकांच्या जोडीला हेपारिन दिल्याने ताप लवकर उतरल्याचे आढळले नाही. अभ्यास लहान, पण जुन्या कसोटीचा पायाच त्याने हलवला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने 'दुर्मीळ' या विशेषणालाही धक्का दिला: गर्भाशय, बीजांडकोश आणि लसिकाग्रंथी काढलेल्या स्त्रियांच्या स्कॅनमध्ये सुमारे 80 टक्के जणींच्या बीजांडकोश-नीलेत गुठळी होती, आणि त्यांना तिचा पत्ताही नव्हता. बांधलेल्या नीलेत रक्त थांबले की ते गोठणारच.

म्हणजे एकच गुठळी एकीत आजार असते आणि दुसरीत शस्त्रक्रियेची निमूट खूण. ताप आणि कुशीतील वेदना असतील तर आज स्कॅन करून प्रतिजैविकांसोबत रक्त गोठू न देणारे औषध बहुधा दिले जाते; गुठळी महानीलेत किंवा फुप्फुसात पोहोचली असेल तर त्याबद्दल सहसा वादच नसतो. स्कॅनमध्ये सहज सापडलेल्या, न दुखणाऱ्या गुठळीचे काय करायचे, यावर मात्र डॉक्टरांचे अजून एकमत नाही.