शर्यतीची मोटार आणि घाटाचा रस्ता

मुंबईहून नाशिकास येतांना कसारा घाट चढावा लागतो आणि परत जातांना तो उतरावा लागतो. चढतांना मोटारीच्या एंजिनाची परीक्षा होते; उतरतांना तिच्या ब्रेकांची आणि हांकणाराच्या संयमाची. आपली घरची मोटार शर्यतीच्या मोटारीसारखी चपळ करून घेण्याची हौस हल्लींच्या तरुणांत दिसते, आणि वडील मंडळी तिला नवें खूळ समजून नांवें ठेवतात. पण ही हौस मोटारीइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला असतां तिला कोठें वाव द्यावा व कोठें आवर घालावा, हें ठरविणें सोपें जाईल असें आम्हांस वाटतें.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत रस्त्याची गाडी व शर्यतीची गाडी असा भेद नव्हता. 1895 सालीं पॅरिसहून बोर्दोस जाऊन परत येण्याची शर्यत झाली, तेव्हां लेव्हासॉर यानें सुमारें 1,180 किलोमीटरांचें अंतर 48 तास 48 मिनिटांत तोडलें, आणि तेंही ज्या रस्त्यांवरून घोड्यांच्या गाड्या जात त्याच रस्त्यांवरून. मिशेलिन बंधूंनीं हवा भरलेले टायर लावलेली आपली गाडी याच शर्यतींत उतरविली. ते टायर वारंवार फुटले. परंतु थोड्याच वर्षांत तेच सर्वांच्या गाड्यांस बसूं लागले. शर्यत ही त्या काळची प्रयोगशाळा होती. पुढें वेग वाढला आणि प्रयोगाची किंमत वाढली. 1903 च्या पॅरिस-माद्रिद शर्यतींत स्पर्धक व प्रेक्षक मृत्यु पावले, तेव्हां सरकारनें ती बोर्दो येथेंच थांबविली. 1907 सालीं इंग्लंडांत ब्रूकलंड्स येथें केवळ मोटारींकरितां धांवपट्टी बांधली गेली, आणि तेथून पुढें रस्ता व शर्यत यांच्या वाटा वेगळ्या होऊं लागल्या.

मध्यमवर्गीय हौशी मनुष्याजवळ मात्र मोटार एकच. तिनेंच कामावर जावयाचें आणि सुट्टीच्या दिवशीं शर्यतींतही उतरावयाचें! मोटारींत फेरबदल करण्याची कला या अडचणींतून वाढीस लागली. तिचें उत्तम उदाहरण म्हणजे 1959 सालीं इंग्लंडांत निघालेली ‘मिनी’. मूळच्या 848 घनसेंटिमीटरांच्या एंजिनाची शक्ति अवघी 34 अश्वशक्ति होती. शर्यतीच्या गाड्या बनविणारे जॉन कूपर यांच्या सूचनेवरून 1961 सालीं ती 55 वर नेण्यांत आली. पण त्याबरोबरच पुढच्या चाकांस डिस्क-ब्रेक बसविण्यांत आले. पुढें या गाडीनें 1964, 1965 व 1967 या वर्षीं माँटे कार्लोची रॅली जिंकली. शक्ति वाढविणारानें थांबविण्याची सोय आधीं करावी, हा धडा त्यांत आहे.

आपल्याकडे शेठ वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट घरोघरची गाडी झाली. परदेशी गाड्या दुर्मिळ असल्यामुळें शर्यतीचे शौकीन हीच गाडी घेऊन मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर उतरत. हेड घासून दाब वाढवावा, मोठा कार्ब्युरेटर बसवावा, सायलेन्सर मोकळा करावा, हे या कसबाचे नेहमींचे उपाय. पण मूळ गाडीच्या चारी चाकांस ड्रमचेच ब्रेक. म्हणून जाणता मेकॅनिक हेडाला हात लावण्यापूर्वीं चाकें उघडून पाही. 1983 सालीं मारुति आली व दोन वर्षांनीं तिची जिप्सी आली, आणि हलक्या गाड्यांचें नवें पर्व सुरू झालें.

नाशिकचें या विषयाशीं नातें दुहेरी आहे. येथील औद्योगिक वसाहतींत महिंद्रांचीं वाहनें, सिएटचे टायर आणि बॉशचीं, म्हणजे पूर्वींच्या मायकोचीं, इंधन फवारणारीं नॉझलें तयार होत आलीं आहेत. दुसरें नातें रॅलीचें. 2010 नंतरच्या दशकांत राष्ट्रीय रॅलीस्पर्धेची एक फेरी ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ या नांवानें नाशिकास अनेक वेळां भरली. रॅलींत कांहीं टप्पे रहदारी बंद करून पूर्ण वेगानें धांवावयाचे असतात. पण एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे तीच मोटार सामान्य रस्त्यानें, सारे नियम पाळून न्यावी लागते. आरंभापूर्वीं तपासनीस तिच्यांतील पोलादी नळ्यांचा पिंजरा, पट्टे व ब्रेक पाहतात. रस्ता आणि शर्यत हीं येथें एकाच मोटारींत नांदतात खरीं, परंतु मधली सीमा क्षणभरही पुसून चालत नाहीं. सप्टेंबर 2019 मध्यें राजस्थानांतील बाडमेर जिल्ह्यांत रॅलीच्या टप्प्यावर एक मोटारसायकल आली आणि तिच्यावरील एकाच कुटुंबांतील तिघे प्राणांस मुकले. 1903 चा धडा अद्याप जुना झालेला नाहीं.

आतां देखभालीविषयीं दोन शब्द. वेग ताशीं 60 वरून 80 किलोमीटरांवर नेला तर तो एक-तृतीयांशानें वाढला असें आपण म्हणतों. पण गाडी थांबवितांना ब्रेकांस जी शक्ति उष्णतेच्या रूपानें घालवावी लागते, ती पावणेदोनपटीहून अधिक होते. त्यांत ब्रेक-ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट-4 जातीचें नवें ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल मुरल्यावर हीच मर्यादा 155 अंशांच्या घरांत उतरूं शकते. लांबच्या उतारावर तें उकळलें म्हणजे वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतेंच खालीं जातें. ज्यानें एंजिनावर हजारों रुपये खर्च केले, पण ऑइल बदललें नाहीं व उतारावर खालचा गिअर टाकला नाहीं, त्यानें आपला पैसा संकट जवळ आणण्यांत घातला.

कायदाही याच बाजूस झुकतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम उत्पादकाच्या मूळ बनावटींत मनमानी फेरबदल करूं देत नाहीं, आणि जानेवारी 2019 मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ कायम केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें प्रत्येक बेकायदा फेरबदलामागें 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. चांगला ब्रेक आणि कर्कश सायलेन्सर यांस एकाच तागडींत तोललें, ही शौकिनांची तक्रार अगदींच निराधार नाहीं. तथापि रस्ता सर्वांचा आहे. तेथें शाळेचीं मुलें आहेत, वृद्ध आहेत, द्राक्षांचे ट्रक आहेत. म्हणून शर्यतीचे फेरबदल बंद धांवपट्टीसाठीं राखावे, तेथें तरुणांस मोकळेपणानें धांवूं द्यावें, आणि रस्त्यावरच्या गाडीवर आपलें सारें कसब निगराणींत खर्च करावें. मुलांनीं गाडीस हात लावूं नये असें म्हणणाऱ्या वडिलांनींही त्यांस पावसाळ्याच्या तोंडावर टायरांची झीज मोजावयास आणि ब्रेक उघडून पाहावयास बसवावें. घरांतील माणसें घाट उतरणार असतात तीं याच गाडींतून.