कोणता रेणू, कोणत्या जागी

ऊतीत कोणती प्रथिनं आहेत हे शोधायचं, तर आधी ती ऊती वाटून तिचा लगदा करावा लागे. त्यातून प्रथिनांची यादी हाती येई, पण कोणतं कुठे होतं ही माहिती वाटण्यातच नाहीशी होई. शरीरात तर जागेलाच अर्थ असतो. स्वादुपिंडात इन्शुलिन आहे एवढं कळून भागत नाही. ते तयार होतं तिथल्या विखुरलेल्या बेटांमधल्या पेशींमध्ये.

रेणू त्याच्या वस्तुमानावरून ओळखता येतो. ते वस्तुमान मोजता मोजता जागेचा नकाशाही काढायचा, ही कल्पना तशी जुनी. १९६२मध्ये फ्रान्समध्ये रेमाँ कास्तँ आणि जॉर्ज स्लोद्झियाँ यांनी घन पदार्थाच्या पृष्ठभागावर आयनांचा झोत मारला आणि तिथून उडालेल्या आयनांचंच चित्र उमटवलं. धातूंना आणि खनिजांना हा मारा सोसला. प्रथिनासारखा अवजड रेणू मात्र त्यात फुटून जाई.

जर्मनीत फ्रांत्स हिलेनकाम्प यांनी १९७५च्या सुमारास वेगळी वाट धरली. सूक्ष्मदर्शकातून लेसरचा बारीक किरण ऊतीच्या पातळ कापावर सोडायचा आणि उडालेले आयन मोजायचे. कॅल्शियमसारखी मूलद्रव्यं अशी सापडली, मोठे रेणू नाहीत. ती अडचण सुटली ती मिखाएल कारास यांच्याबरोबरच्या कामात. अलानीन हे अमिनो आम्ल लेसरला सहजी दाद देत नाही, पण प्रकाश शोषणारं ट्रिप्टोफॅन सोबत असलं की बऱ्याच कमी ताकदीच्या लेसरने त्याचे आयन मिळतात, असं त्यांना १९८५मध्ये दिसलं. लेसरची ऊर्जा सोबत्याने झेलायची आणि नाजूक रेणूला अखंड वर न्यायचं! या सोबत्याला त्यांनी मॅट्रिक्स म्हटलं. १९८८मध्ये त्यांनी अल्ब्युमिनसारखं सुमारे ६७,००० डाल्टनचं प्रथिन अशा तऱ्हेने मोजून दाखवलं.

त्याच सुमारास क्योतोच्या शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीवर प्रयोग करत होते. तिच्यात चुकून ग्लिसरीन पडलं. महागडी भुकटी फेकवेना म्हणून त्यांनी ती तशीच वापरली, आणि मोठे रेणू दिसले. २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तानाकांना वाटा मिळाला, तो योग्यच होता. पण प्रयोगशाळांत रुजली ती कारास-हिलेनकाम्प यांची पद्धत, आणि त्या दोघांना नोबेलमध्ये स्थान मिळालं नाही, ही गोष्ट मनाला लागते.

मॅट्रिक्स घेऊन पुन्हा ऊतीकडे वळण्याच्या कामी रिचर्ड कॅप्रिओली यांचा १९९७चा, ह्यूस्टनमधला लेख मोलाचा ठरला. गोठवलेल्या ऊतीचा पातळ काप, त्यावर मॅट्रिक्सचा थर, मग ठिपक्या-ठिपक्याने लेसर. सुटलेले आयन एका नळीतून धावतात. हलके आधी पोचतात, जड मागाहून. पोचण्याच्या वेळेवरून वस्तुमान कळतं. मग एक वस्तुमान निवडून प्रत्येक ठिपक्यावरचं त्याचं प्रमाण रंगाने दाखवलं, की त्या रेणूचा नकाशा तयार. त्यांनी उंदराचं स्वादुपिंड आणि पीयूषिका ग्रंथी तपासली. ठिपके २५ मायक्रॉनपर्यंत बारीक होते. कशाचा शोध घ्यायचा हे आधी ठरवून त्याला रंग किंवा प्रतिपिंड चिकटवण्याची इथे गरजच नव्हती.

खरी कसोटी मॅट्रिक्स फवारताना लागते, ती आजही. फवारा ओला झाला, तर प्रथिनं जागा सोडून पसरतात आणि नकाशा धूसर होतो. कोरडा राहिला, तर ती कापातून वर येतच नाहीत. रांगोळी भरणाऱ्या हाताला जसा अंदाज लागतो, तसाच इथेही लागतो.

२००४मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने मॅट्रिक्सही गाळून टाकलं. विद्युतभारित द्रावणाचे तुषार थेट नमुन्यावर, तेही उघड्या हवेत! मेंदूतल्या काही गाठींत आयडीएच जनुकातल्या बदलामुळे २-हायड्रॉक्सिग्लुटारेट साठतं. बोस्टनच्या शल्यविशारदांसोबत केलेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात काढलेल्या तुकड्यांतला तो रेणू याच तंत्राने, शस्त्रक्रिया चालू असतानाच काही मिनिटांत ओळखता आला. गाठ कुठवर पसरली आहे, हे ठरवायला त्याची मदत होते.