केडगावचं तिकीट

फाल्गुन सरत आलाय. डोळखांबच्या नाक्यावर शहापूरची एसटी अजून आलेली नाही. तुमच्या पिशवीत बचत गटाचं ठरावाचं रजिस्टर आहे आणि डोक्यात कालची बैठक. बँकेत सह्या कुणाच्या राहणार यावरून दोघी जावांची जुंपली, तुम्ही अध्यक्ष म्हणून मध्ये पडलात आणि शेवटी सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच झाला. एकीचंही कर्ज मंजूर न होता बायका उठून गेल्या.

एसटीचा नाद सोडून तुम्ही चालायला लागता. मोहाच्या झाडाखाली बाया फुलं वेचतायत. कातकरवाडीतली निम्मी दारं बंद. भाताची कामं आटपली की माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. एका वळणावर डांबर संपतं. पुढे नुसत्या बैलगाडीच्या चाकोऱ्या. मागे वळून बघता तर आजोबाचा डोंगर जागच्या जागी, पण मोबाइलचा टॉवर नाही, विजेचे खांब नाहीत. साल १९०० आहे.

गाडीवाला तुम्हाला वर घेतो. आसनगाव स्टेशनापर्यंत त्याचं एकच गाऱ्हाणं: तानशाला धरण बांधून आठ वर्षं झाली, पाणी नळातून मुंबईला जातं आणि आपल्या विहिरी मात्र कोरड्या. तुम्ही हूं हूं करता. पुढे भातसा होणार, वैतरणेवर धरणं होणार आणि तरी मे महिन्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरच फिरणार, हे त्याला सांगण्यात काय हशील?

आणि केडगावचंच तिकीट का, असं विचाराल तर ते मी काढलंय. कल्याणला प्लेगची तपासणी होते, डॉक्टर काखेत गाठ चाचपून बघतो. कर्जतला घाटासाठी जादा इंजिन लागतं. खंडाळ्याअलीकडे गाडी थांबते, इंजिन या टोकाचं त्या टोकाला जातं आणि गाडी उलट्या दिशेने घाट चढते. पुण्यात गाडी बदलायची. दौंडकडची गाडी पकडलीत की दोन्ही बाजूंना काळी पडलेली शेतं, पान नसलेली बाभळ आणि प्रत्येक स्टेशनावर हात पसरून उभी माणसं. गुजरातेत याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, कारण तिथल्या पंचांगात संवत १९५६ आहे.

केडगावला उतरून थोडं चाललं की मुक्ती सदन. पंडिता रमाबाईंनी ही जमीन घेतली होती फळबागेसाठी, पुण्यात विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदनाला दोन पैसे मिळावेत म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात नव्या मुली ठेवायला सरकारने मनाई केली, तेव्हा बागेतच छपरं उभी राहिली. आता गुजरातेतून खेप येतेय. या वेळी आणायला गेल्या आहेत त्या इथेच वाढलेल्या, इथेच शिकलेल्या बायका. वर्ष सरेपर्यंत इथली माणसं दोन हजारांच्या आसपास जातील.

तुम्ही आत शिरता ते वासातून. जखमांवर लावलेलं औषध, शिजती डाळ, आणि खूप दिवस न धुतलेल्या केसांचा वास. एका छपराखाली नव्या मुली ओळीने बसल्यात. पुढ्यातली आठेक वर्षांची असेल. पोट पुढे आलेलं, पाय काड्यांसारखे, टाळूवर उवांनी केलेल्या जखमा. वीस-बाविशीची एक बाई कात्रीने तिचे केस अगदी मुळाशी कापतेय. कापलेले केस कागदावर पडतात आणि कागद हलतो. मुलगी रडत नाही. तिची सगळी नजर डाव्या हातावर, कारण डावा हात ओच्यात आहे आणि ओच्यात भाकरी.

“ती भाकरी काढून ठेवू का बाजूला? केस पडतील,” तुम्ही म्हणता.

“हात लावू नका. चावेल.” कात्री थांबत नाही. “रात्री उशाखाली ठेवेल, सकाळी शिळी खाईल. काही दिवसांनी आपोआप सुटतं. माझं सुटायला महिना लागला होता.”

“तुम्हीही दुष्काळातल्या?”

“सत्त्याण्णवच्या. जबलपूरकडची.” तिच्या मराठीत अजून हिंदीचा हेल आहे. “या बारा जणी माझ्याकडे. यांचं अंघोळपाणी, औषध, अक्षरओळख, सगळं मीच बघायचं. कुणी चोरी केली तर तीही मीच निस्तरायची.”

“आणि बाईंना विचारायला लागत नाही?”

ती पहिल्यांदाच मान वर करते. “इथल्या प्रत्येकीचं बाईंना विचारत बसले तर बाईंनी झोपायचं कधी?”

गटाच्या बैठकीत तुम्ही पावतीपुस्तकसुद्धा दुसरीच्या हाती देत नाही. असो.

रमाबाई विहिरीवर आहेत. पांढरं सुती लुगडं, आखूड कापलेले केस, लहानखुरी चण. विहीर खणणाऱ्यांचा मुकादम त्यांच्याशी बोलतोय, म्हणजे खरं तर ओरडतोय. बाईंना कमी ऐकू येतं. इंग्लंडला त्या गेल्या होत्या डॉक्टर व्हायला, ते कानांमुळेच राहिलं. दगड लागलाय, सुरुंगाला जास्त पैसे पडतील, असं मुकादम सांगतो आणि ते पाणी भरायला आलेल्या सगळ्या मुली ऐकतात. मग मजुरांपैकी एक जण पुढे येऊन ओरडतो की मुकादम आमची मजुरी कापतो. मुकादमाचं तोंड उतरतं. कुणाला काही गुपचूप सांगायचं तर सोयच नाही इथे. पुढाऱ्याच्या कानाशी लागणारी माणसं संस्था कशी पोखरतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या बहिरेपणाचा हेवा वाटेल.

आता एक शंका तुमच्या मनात येणारच आणि ती यायला हवी. दुपारी जेवणाआधी ख्रिस्ती प्रार्थना होते. त्या आठ वर्षांच्या मुलीला गुजरातीशिवाय काही कळत नाही, तरी ती बाकीच्यांचं बघून हात जोडते. उपाशी लेकराला भाकरी आणि देव एकाच ताटात वाढले तर त्याने निवड कशाची करायची? हा प्रश्न पुण्याने सात वर्षांपूर्वीच विचारला होता. शारदा सदनातल्या विधवा बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. प्रश्न खोटा नव्हता. पण त्या विधवांचं केशवपन करताना त्यांची निवड कुणी विचारली होती, हेही कुणीतरी विचारायला हवं होतं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्येच ‘सत्सार’मधून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती. माझ्यापुरतं म्हणाल तर मला त्या हात जोडणाऱ्या मुलीचं बघून अवघडल्यासारखं होतं, आणि ती जिवंत आहे याने बरंही वाटतं. दोन्ही एकदमच.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई, थोरली बहीण, तिघंही दुष्काळाच्या दिवसांत काही महिन्यांच्या अंतराने गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पुराणं सांगत देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्यामुळे पायाशी बसून उवा काढणाऱ्या बाईला गर्व मुळातच नव्हता, अशी समजूत करून घेऊ नका. अभिमान भरपूर होता.

तो बघायला तुम्हाला जरा मागे आणि लांब जावं लागेल. इंग्लंड, वाँटेज गाव, सेंट मेरीच्या जोगिणींचा मठ. २९ सप्टेंबर १८८३ ला इथेच रमाबाईंचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. थंडी हाडात शिरते, तुमची शाल पुरत नाही. जेवणाच्या टेबलावर रमाबाई मांसाला हात लावत नाहीत, आणि त्यात मठातल्या सिस्टर जेराल्डिनला जातीचा जुना ताठा दिसतो. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, असं रमाबाई विचारतात. आपली देशबहीण लॅटिन कुठे शिकलीय? चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं घाटतं, तेव्हा बिशप मंडळी नको म्हणतात. हिंदुस्थानात परत गेल्यावर लोक काय म्हणतील? रमाबाई उलट पत्र लिहितात. कुणाला शिकवायचं हे ठरवायला त्यांना त्यांची सदसद्विवेकबुद्धी पुरेशी वाटते. चर्चचं प्रत्येक मत मान्य करायलाही त्या तयार नाहीत. आधी पटवून द्या म्हणतात. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. वाचताना एक गंमत लक्षात येते. सिस्टर जेराल्डिनला मनापासून वाटत होतं की या मुलीत सगळं आहे, फक्त नम्रता नाही.

ज्या बाईने बिशपांपुढे मान तुकवली नाही तीच केडगावला लेकरांची घाण काढते, यात मला विसंगती दिसत नाही. वरच्यांपुढे वाकणारी आणि खालच्यांवर डाफरणारी माणसं आपण रोज बघतो, पंचायतीत, शाळेत, देवळात आणि चर्चमध्येही. त्यांनाच आपण नम्र म्हणतो, कारण आपण बहुतेक वेळा त्यांच्या वरच्या बाजूला उभे असतो. रमाबाईंचं वाकणं उलट दिशेने होतं, म्हणून वरून बघणाऱ्यांना त्या ताठ दिसल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या नावाखाली बायकांचे हाल झाले, त्यांच्या ताब्यातल्या एका मुलीचंही प्लेगच्या इस्पितळात भलं झालं नाही. तेव्हा त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने आरोप फेटाळले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून काही बाईंनी जीभ आवरली नाही.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्या कडक. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. इतक्या गवगव्याने धर्मांतर केलेल्या, देशोदेशी भाषणं दिलेल्या, अमेरिकेतून दहा वर्षांच्या मदतीचं वचन मिळवलेल्या बाईने हे छापून सांगणं सोपं नव्हतं. देणगीदारांना असली वाक्यं आवडत नाहीत. त्या दहा वर्षांची मुदतही १८९८ मध्ये संपली. पुढे इंग्लंडच्या जॉर्ज म्युलरच्या अनाथाश्रमांसारखं चालायचं ठरलं: जे येईल त्यात भागवायचं. व्यवस्थापन म्हणून ही पद्धत मला धास्तावणारी वाटते. दोन हजार तोंडं आणि पुढच्या महिन्याची शाश्वती नाही. पण भरवसा फक्त आभाळावर टाकलेला नव्हता. गाई होत्या, माग होते, तेलघाणा होता, बाग होती. प्रार्थना करून उठलेली बाई सरळ विहिरीवर जायची.

आता शेवटचा मुक्काम. १९२१, पावसाळा संपत आलाय. त्याच आवारात, पण आता छपरांच्या जागी दगडी इमारती. जुलैमध्ये मनोरमा गेली, जिच्या हाती हे सगळं सोपवायचं होतं ती. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांच्यापुढे सबंध बायबलाचं मराठी भाषांतर पसरलंय. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, त्या भाषा मुद्दाम शिकून, खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशा मराठीत करायचा हा उद्योग पंधरा वर्षांहून जास्त चाललाय. पुढच्या ५ एप्रिलला त्या जातील आणि सबंध ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर येईल. ते इथे अजून कुणाला ठाऊक नाही.

तुम्ही छापखान्यात शिरता. शाईचा आणि घासलेटाचा वास. खिळे जुळवणाऱ्या सगळ्या बायका. त्यांतली एक चाळिशीची, बोटांची टोकं शिशाने काळी. ती ओला कागद तुमच्या हातात देते.

“वाचता येतं ना? मग हे तपासा. माझे डोळे आता दमले.”

तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचता. चौथ्या ओळीत थांबता.

“इथे काना राहिलाय.”

“कुठे?” ती वाकून बघते. “हो की.” चिमट्याने खिळा उपसते, दुसरा बसवते, लाकडी ठोकळ्याने सारखा करते. तुमची चूक काढण्याची हौस तिला आवडलेली दिसते. ती लगेच दुसरा कागद पुढे करते.

“आता हा. आणि मोठ्यानं वाचा जरा, बाई तिकडे बसल्यात, त्यांना ऐकू जायला हवं.”